घरटं क्रमांक सतरा

"घरटे बंद," असं घोरपडे साहेबांनी वाचलं, तेव्हा काकण त्यांच्या बरोबर डोक्यावर, साठ फुटांवर, अंड्यांवर बसलेली होती.

माझं तोंड उघडायला वेळ लागत नाही, हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे ठाऊक आहे. म्हटलं, "कोण म्हणतं बंद?"

साहेबांनी कागदावरून मान वर केली. पुलाच्या कामावरचे इंजिनियर, घाटावरचे, माणूस तसा सभ्य. कांदळजुव्यावर आंब्याखाली पन्नासेक माणसं जमली होती. मधे स्टूल, स्टुलावर ताट, ताटात नारळ, हळदकुंकू, उदबत्तीचा पुडा. जरा बाजूला मशीनची करवत घेऊन आलेले दोघं विडी ओढत बसले होते. पंचनामा वाचून झाला की नारळ फुटणार होता आणि नारळ फुटला की आंबा पडणार होता. पुलाचा रस्ता जुव्यावर उतरणार तो नेमका त्या आंब्याच्या बुंध्यावर.

"अहो बाई, तुमच्याच संस्थेचा अहवाल आहे," साहेब म्हणाले. "घरटे क्रमांक सतरा, कांदळजुवा, रायवळ आंबा, स्थिती बंद. ही खाली सही. वृंदा भाटकर. तुम्हीच ना?"

मीच. सही माझीच होती, खालच्या दोन टिंबांसकट.

ही अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाला आमच्या किनाऱ्यावर काकण म्हणतात. किनाऱ्यावरची आणि खाडीतल्या जुव्यांवरची, म्हणजे बेटांवरची, काकणांची घरटी मोजायचं काम मी तीन हंगाम करत होते. अठ्ठावन्न घरटी. होडीतून जायचं, दुर्बीण लावायची, तासभर बघायचं, वहीत लिहायचं आणि पुढच्या झाडाकडे निघायचं. वापरातलं घरटं असलेलं झाड तोडायचं नाही, अशी त्या पुलाच्या परवानगीत अट होती. म्हणून आमचा अहवाल मागवला होता. त्या दिवशी मला फक्त संस्थेतर्फे हजर राहायला पाठवलं होतं. उभं राहा, चहा घे, परत ये, एवढंच सांगितलं होतं आमच्या संस्थेच्या प्रमुखांनी, खांबेटे सरांनी.

"दाखवा," म्हणत मी कागद त्यांच्या हातातून जवळजवळ ओढलाच. वरून खाली बघत गेले. क्रमांक चार, बंद. क्रमांक नऊ, बंद. बारा, बंद. सतरा, बंद. एकूण अकरा ठिकाणी बंद. आणि जिथे जिथे बंद होतं ती सगळी घरटी मला तोंडपाठ होती, कारण त्या सगळ्यांत त्या वर्षी पक्षी अंड्यांवर होते.

मग मला माझी वही आठवली.

हलत्या होडीत, ओल्या हातांनी, बोटभर पेन्सिलीने कोण पूर्ण शब्द लिहील? मी एकेक अक्षर लिहायची. रिकाम्या घरट्याला 'रि'. पिल्लू असेल तर 'पि'. आणि मादी अंड्यांवर बसलेली असेल तर 'ब'. बसलेली. ऑफिसात त्या महिन्यात नवीन टायपिस्ट आली होती. त्या पोरीने 'ब'चं बंद केलं. तिला काय म्हणून बोल लावू? 'ब' म्हणजे बसलेली हे तिला कोणी सांगितलं होतं? छत्तीस पानांचा अहवाल तिने माझ्यासमोर ठेवला आणि मी एसटी चुकेल म्हणून न वाचता सही ठोकली. दुसऱ्याच्या चुका काढताना मी कधी एसटीचा विचार केला नव्हता.

"साहेब," मी म्हटलं, "हे चुकलंय. हे बंद नाही. हे बसलेली आहे. माझी चूक आहे."

"म्हणजे?"

पन्नास माणसांसमोर 'ब'ची गोष्ट सांगितली. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. मागून कोणीतरी फस्सकन हसलं, मग सगळेच हसले. सरपंच वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. शर्मिला तारी त्यांचं नाव. हिरवं लुगडं नेसून त्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीशेजारी उभ्याच होत्या.

"गो बाय," त्या म्हणाल्या, "अकरा वर्सां आमी ह्या पुलाची वाट बघतव. आजारी माणूस खुर्चीत बांधून होडयेत घालतव. नि तू आज येवन सांगतंस, एक अक्षर चुकला?"

"वहिनी, पूल नको असं मी म्हणत नाही. तीन महिने. पिल्लू उडालं की तोडा झाड."

"तीन महिन्यांनी पावसाळा तोंडावर येतो," घोरपडे म्हणाले. "मग काम गेलं पुढच्या वर्षावर. शिवाय बाई, माझ्याकडे सहीचा कागद आहे. तुमच्याकडे काय आहे?"

मी सरांना फोन लावायला धक्क्यावर गेले. रेंज तिथेच यायची. खांबेटे सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. सर कधी आवाज चढवत नसत, आणि मला त्याचाच राग यायचा.

"वृंदा, चूक झाली हे मान्य," ते म्हणाले. "पण अहवाल गेलेला आहे. एक ओळ बदलली की लोक म्हणणार, बाकीच्या सत्तावन्न ओळीपण खोट्या."

"अकरा आहेतच खोट्या."

"तू भावनिक होते आहेस."

"मी भावनिक नाही सर, मी चुकलेली आहे. दोन्ही वेगळं."

"ही संस्था उभी करायला मला बावीस वर्षं लागली."

"आणि इथे करवत लावायला पाच मिनिटं लागतील. सांगा ना साहेबांना फोनवर, थांबा म्हणून. तुमचं ऐकतील."

सर म्हणाले, "पहिल्या होडीने परत ये. हा आदेश समज. नाही आलीस तर पुढच्या हंगामाचं मला काही सांगता येणार नाही."

"नाही येत," मी म्हटलं आणि फोन बंद केला. राग आला होता, आणि थोडी भीतीही वाटत होती. नोकरी मला हवी होती. त्या कामावर माझा जीव होता.

परत आले तेव्हा साहेब मान मागे टाकून झाडाकडे बघत होते. "मला तर नुसत्या काटक्या दिसतायत," म्हणाले. दिसणारच. काकण अंड्यांवर बसली की अशी चपटी होते, खालून शेपटीचं टोकसुद्धा दिसत नाही. तसं साहेबांना सांगितलं.

"मग तुम्हाला कसं कळलं बसलेली आहे ते?"

तेवढ्यात शेजारच्या माडावरून बाबलकाका उतरत होते. बाबल मयेकर, जातीने भंडारी, साठीचे. आंब्यापासून दहा पावलांवर त्यांचा माड. घरट्यापेक्षा हातभर उंच. सकाळ संध्याकाळ माडी काढायला ते वर चढत, आणि वरून काकणीच्या घरात सरळ नजर जाई. तीन वर्षं मी जुव्यावर आले की पहिलं त्यांना विचारायची. ते सांगायचे, मी लिहायची. सतरा नंबरच्या घरट्याबद्दल मला जे काही माहीत होतं, ते ह्या माणसाच्या डोळ्यांनी.

"ह्यांना विचारा," मी म्हटलं. "काका, सांगा हो साहेबांना."

काकांनी कमरेचं माडीचं भांडं सोडून सावलीत ठेवलं. कोयती पुसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मी कशाक सांगू?" ते म्हणाले. "मी सांगलंय तेचां काय झालां ता आयकलंय वरसून. मी म्हटलंय बसलीहा. तू लिवलंस बंद."

"काका, मी लिहिलं नाही, ते..."

"कागद तुझो. सही तुझी. तीन वर्सां माका इचारतंस. एकदा तरी वाचून दाखवलंस, बाबल, तुझ्या नावान काय लिवलंय ता? माझ्या तोंडातली गोष्ट तू उलटी करून गावभर फिरवलंस." आवाज चढला होता. "माका खोटो पाडलंस."

अहवालात शेवटी आभार मानले होते, त्यात चार अधिकाऱ्यांची नावं होती. बाबल मयेकर हे नाव छत्तीस पानांत कुठेही नव्हतं.

"चुकले काका," मी म्हटलं. "पण आता बोला. नाहीतर ते झाड पाडतील."

"आता मी बोलूचंय नाय." त्यांनी डोक्याचा लाल फडका सोडला आणि माझ्या हातात कोंबला. "तू चढ. तू बघ. मगे तुझ्या तोंडान सांग."

लोकांना आयतीच करमणूक. "बाय चढता माडार!" म्हणून पोरीबाळी पुढे सरकल्या. घोरपडे म्हणाले, "अहो, भलतंच काही करू नका, जबाबदारी माझ्यावर येईल." मी ओढणी कमरेला खोचली. देवरुखला आमच्या आगरात लहानपणी मी पोफळी चढलेय, पण त्याला वीस वर्षं झाली होती आणि पोफळ म्हणजे माड नव्हे.

"फडको डोक्याक बांध," काका म्हणाले. "ती ह्या फडक्याक वळाखता. दुसरां कोण दिसला तर उठात. नि एकदा उठली, की परत बसात ह्याचो भरवसो नाय."

त्यांनी माझ्या कमरेला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक आपल्या कमरेला. माडाला पाय ठेवायला खाचा होत्या, त्यांच्या पायाच्या मापाच्या. मी वर, माझ्या टाचांखाली ते. "डावो पाय. आता उजवो. खाली बघू नको. तोंड मिट, वाऱ्याक सांगतंस काय गोष्टी?" असं त्यांचं चाललेलं. निम्म्यावर माझी पोटरी जी उडायला लागली ती थांबेना. खालून कोणीतरी म्हणालं, आता रडात बघ. ते ऐकलं आणि चढले. लोक मला हसले नसते तर मी तिथूनच परत फिरले असते.

वर झावळ्यांत डोकं घातलं. समोर घरटं. इतकं मोठं असेल असं वाटलं नव्हतं, एखादं माणूस आत आडवं झालं असतं. आणि ती. पांढरी मान, राखाडी पाठ. तिने माझ्याकडे बघितलं. तीन वर्षं मी तिला दुर्बिणीतून बघत होते, तिने मला बघायची ही पहिलीच वेळ. मी श्वास धरला. फडका बघून असेल किंवा काकांच्या वासाने असेल, ती उठली नाही. जराशी सरकली फक्त, पंख सैल केला, आणि मला दिसलं.

एक अंडं होतं. दुसरं नव्हतं. दुसऱ्याच्या जागी फुटकी टरफलं आणि एक ओला, पांढुरका गोळा, डोकं उचलता येत नव्हतं त्याला, तरी उचलत होता.

मी तिथेच रडले. हो, रडले. लोकांचं भाकीत खरं झालं, फक्त कारण वेगळं.

उतरले, पाय जमिनीवर टेकले. मग साहेबांना सांगितलं, "एक अंडं आहे, एक पिल्लू आहे. आत्ताच बाहेर आलंय. लिहा."

"फोटो?"

माझा कॅमेरा! तीन वर्षं गळ्यात मिरवलेला कॅमेरा खाली पिशवीत, माझ्या डब्याशेजारी पडला होता. साहेब हसले नाहीत, उलट त्यांनाच वाईट वाटल्यासारखं दिसलं. "मग पुन्हा चढा," म्हणाले.

"परत नाय," काका म्हणाले. "आज एक डाव झाला. ती गाय नाय, दावणीक बांधलेली."

"मग माझा नाइलाज आहे. माझ्या हातात सही असलेला कागद आहे आणि तुमच्या तोंडची गोष्ट आहे. मी कागदावर चालतो." त्यांनी करवतवाल्यांना खूण केली. दोघं उठले. विडी विझवली.

मी आंब्याच्या बुंध्याला पाठ लावून उभी राहिले. दुसरं काही सुचलं नाही. पण बाबलकाका माझ्याकडे न बघता वळले, माडाला हात घातला आणि सरसर वर निघाले. साठीचा माणूस, पण बघता बघता झावळ्यांत दिसेनासा झाला.

करवतवाल्यांतला वयस्क होता तो आंब्याभोवती एक फेरी मारून आला. "साहेब, झाड माडाच्या अंगावर कललंय," म्हणाला. "पडणार ते माडावर. माणूस वर असताना मी मशीन लावणार नाही."

घोरपडे ओरडले, "ओ मयेकर, खाली या!"

वरून आवाज आला, "तुमी तोडा! कागदार लिवा, माडार कोण नाय. माड बंद म्हणान लिवा!"

सगळा जुवा हसला. साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी सरपंच वहिनींकडे बघितलं. "वहिनी, आता तुम्हीच सांगा. पूल मला हवाय का तुम्हाला? आज परत गेलो तर ह्या मोसमात माणसं मिळतील याची खात्री देत नाही."

आता संपलं, असं मला वाटलं. वहिनींनी 'उतर रे बाबल' म्हटलं असतं तर काका उतरले असते. जुव्यावर त्यांचा शब्द मोडत नसत.

वहिनी माझ्याकडे आल्या. "वर काय बघितलंस? परत सांग."

"पिल्लू झालंय वहिनी. ओलं आहे अजून."

"कधी?"

वरून काकांनी उत्तर दिलं, "काल सांजेक दोन्ही अंडी धड होती. आज सकाळचां!"

वहिनींनी वर घरट्याकडे बघितलं. मग त्यांनी पदर खोचला, स्टुलाजवळ गेल्या, ताटातला नारळ उचलला आणि साहेबांच्या हातात दिला.

"सायबानू, ह्यो घेवा तुमचो नारळ. जुव्यार सोयर लागलां. बारा दिवस हयसर नारळ फुटूचो नाय."

"सोयर? कुणाचं?"

"वर बाळंतीण झाली तिचां."

"अहो वहिनी, पक्ष्याचं कसलं आलंय सोयर?"

"तुमच्यात नसात. आमच्या जुव्यार असा."

"कधीपासून?"

"आजपासून," वहिनी म्हणाल्या. "नि सोयरात सुरू केलेल्या कामाच्या कागदार मी सही करूचंय नाय. सरपंच मी आसय."

कोणी हसलं नाही. एक म्हातारी पुढे आली, तिने ताटातली उदबत्ती आणि हळदकुंकू उचलून आपल्या ओच्यात घेतलं आणि घराकडे चालायला लागली. मग बाकीचे निघाले. साहेब हातात नारळ घेऊन उभे. शेवटी त्यांनी पंचनाम्याची घडी घातली आणि मला म्हणाले, "बारा दिवस. तेवढ्यात मला दुरुस्तीचं पत्र आणा. नाही आणलं तर तेराव्या दिवशी मी येणार."

वहिनी धक्क्यापर्यंत माझ्याबरोबर आल्या. मी आभार मानायला गेले तर म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाय केलंय गो." मग खाडीकडे बघत सांगितलं. त्यांची पहिली मुलगी ह्याच खाडीत, होडीत जन्माला आली होती. भरती उलटी होती. दवाखान्यात पोचेपर्यंत ती राहिली नाही. "म्हणान माका पूल व्हयो. नि म्हणानच माका आज ती करवत आयकाक नको होती. कळला तुका?"

"कळलं."

"पिल्लू उडाला की आंबो पडाक व्हयो. तेव्हा तू येशीत सही करूक?"

"घरटं रिकामं असेल तर येईन," मी म्हटलं.

बारा दिवसांत मी अकराही ओळी दुरुस्त करून दिल्या. सरांनी संस्थेच्या कागदावर लिहू दिलं नाही, म्हणून साध्या कागदावर, माझ्या नावाने, माझी चूक म्हणून लिहिल्या आणि ज्या ज्या कचेरीत अहवाल गेला होता तिथे स्वतः नेऊन दिल्या. प्रत्येक पानावर माहिती देणाऱ्याचं नाव घातलं. सतराव्या घरट्यापुढे बाबल मयेकर. नऊ नंबरचं झाड त्याच अहवालावर मी पोचायच्या आधी चार दिवस तोडलं होतं. त्या झाडाखाली मी काय बघितलं ते मी कोणाला सांगत नाही. पुढच्या हंगामाला संस्थेने मला बोलावलं नाही. मीही विचारायला गेले नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कांदळजुव्यावरचं पिल्लू उडालं. दुसरं अंडं फुटलंच नाही. मे महिन्यात वहिनींचा निरोप आला. मी गेले, काकांनी माडावर चढून बघितलं, मीही चढले, ह्या वेळी कॅमेरा घेऊन. घरटं रिकामं होतं. मी खाली येऊन कागदावर तसं लिहिलं, काकांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि आम्ही दोघांनी सही केली. मग करवत सुरू झाली. काका तोंड फिरवून उभे राहिले. मी फिरवलं नाही.

आता पुलावरून जुव्यावर रिक्षा जाते. लोक मला म्हणतात, शेवटी झाड गेलंच ना? नोकरीही गेली. मग एवढा तमाशा कशाला केलास? मी सांगते, झाड गेलं तेव्हा घर रिकामं होतं. ह्यात काय मोठं, असं त्यांचं तोंड होतं. त्यांना पटत नाही.

न पटो.